पहिला एमआरआय आणि मनातला जप



आज पदार्थ नाही आणि व्रताची माहितीही नाही. आज मेंदूच्या एमआरआयबद्दल लिहिते आहे. आमच्या वयाच्या बायका जमल्या की गुडघे, साखर आणि बीपी यांच्या जोडीला हल्ली हा शब्द येतोच. "माझाही झाला गं," असं सगळ्या सांगतात. पण आत जाण्याआधीचे दिवस कसे गेले, ते कुणी सांगत नाही. मला ते ऐकायला मिळालं असतं तर बरं वाटलं असतं. म्हणून माझं मी लिहून ठेवते, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

सुरुवात झाली ती दशलक्षण पर्वात. बस्तीत पूजा म्हणत असताना उजव्या गालात वीज चमकावी तशी कळ गेली. दोन-तीन सेकंदच, पण डोळ्यांपुढे अंधारी आली. मग दात घासताना, भाकरीचा घास चावताना, कधी नुसता पंख्याचा वारा गालाला लागला तरी ती कळ येऊ लागली. मला वाटलं, दाढ किडली असेल. दाताच्या डॉक्टरांनी फोटो काढला आणि म्हणाले, "काकू, दाढ उत्तम आहे, ती काढायची नाही. ही नसेची कळ वाटते. मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा."

मेंदूच्या डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. चेहऱ्याची संवेदना मेंदूपर्यंत नेणारी एक नस दोन्ही बाजूंना असते. तिच्या तीन फांद्या. एक कपाळाकडे, एक गालाकडे, एक खालच्या जबड्याकडे. मेंदूपाशी जिथे ती नस सुरू होते, तिथे पुष्कळदा एखादी रक्तवाहिनी तिला खेटून असते. ती घासून घासून नसेवरचं आवरण झिजतं, वायरचं प्लॅस्टिक झिजावं तसं, आणि मग साध्या स्पर्शाचाही शॉक बसतो. या दुखण्याचं नाव ट्रायजेमिनल न्यूराल्जिया. पन्नाशीनंतर जास्त दिसतं आणि पुरुषांपेक्षा बायकांत जास्त. "क्वचित गाठ असू शकते किंवा नसांचा दुसरा काही आजार असू शकतो, ते पाहण्यासाठी मेंदूचा एमआरआय करून घेऊ," असं म्हणून त्यांनी चिठ्ठी दिली.

डॉक्टर चांगले दहा मिनिटं बोलले असतील. सांगलीला घरी येईपर्यंत त्यातलं माझ्याजवळ एवढंच उरलं होतं, क्वचित गाठ.

त्यात त्यांनी दिलेली गोळी फिट्सवरही देतात, असं शेजारच्या सुनेनं मोबाईलवर पाहून सांगितलं. ते खरंच आहे, पण नसेच्या या कळेवरही तीच गोळी पहिल्यांदा देतात. हे मला दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारल्यावर कळलं. तोवर एक रात्र गेलीच.

कळेइतकाच दुसरा एक त्रास होता. लग्न होऊन आले तेव्हापासून मी सकाळी भक्तामर मोठ्याने म्हणते. सासूबाईंनीच शिकवलेलं. ४८ श्लोक, देवघरासमोर बसून. ते म्हणताना घर जागं होतं, अशी सवय. आता तोंड उघडलं की कळ. दुसऱ्या-तिसऱ्या श्लोकाला थांबावं लागे. ज्या गोष्टीने एरवी धीर यायचा, तीच नेमकी या वेळी बंद पडली होती.

मी कॉमर्सची पदवीधर. नोकरी कधी केली नाही, पण घरचा हिशेब आजही दोन रकान्यांत लिहिते. स्कॅनची तारीख पाच दिवसांनंतरची मिळाली होती. त्या रात्री झोप येईना तेव्हा उठले, दूधवाल्याच्या हिशेबाची वही काढली, मागच्या कोऱ्या पानावर मधोमध रेघ मारली. डावीकडे भीती, उजवीकडे उपाय. डावीकडे चार ओळी झाल्या. एक, बंद जागेत कोंडल्यासारखं होईल. दोन, आवाज फार असतो म्हणतात. तीन, आत असताना कळ आली तर? चार, काय निघेल?

लिहून काढल्यावर एक बरं झालं. डोक्यात ती भीती एकच, मोठी, आकार नसलेली होती. कागदावर ती चार वेगवेगळ्या ओळींची झाली आणि प्रत्येकीचं निराळं काही करता येण्यासारखं होतं.

आवाजाचं काम नातवाने केलं. तो इंजिनिअरिंगला आहे. त्याने मोबाईलवर एमआरआयचा आवाज शोधून ऐकवला. ठक-ठक-ठक, मग घर्र, मग काहीतरी भोंगा वाजल्यासारखं. मी म्हटलं, "अरे, हे तर चटणीच्या कांडपासारखं!" उन्हाळ्यात वर्षाची चटणी करायला कांडपावर तासभर बसते, तिथे काय शांतता असते? त्याने यंत्र कसं चालतं तेही सांगितलं. एक्स-रेसारखे किरण यात नसतात. मोठं लोहचुंबक असतं, बहुतेक ठिकाणी दीड टेस्लाचं, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या साधारण ३० हजार पट. आपल्या अंगात पाणी पुष्कळ. त्या पाण्यातल्या हायड्रोजनकडून येणारे बारीक इशारे पकडून यंत्र चित्र तयार करतं. आतल्या तारांच्या वेटोळ्यांतून वीज भराभर चालू-बंद होते, चुंबकामुळे त्यांना हादरे बसतात, त्याचा तो आवाज. काही तुटत-फुटत नसतं. १९७७ साली अमेरिकेत डॉ. रेमंड दमादियन यांनी माणसाच्या छातीचा असा पहिला स्कॅन केला तेव्हा त्यांचा मदतनीस जवळजवळ पाच तास आत बसून होता, हेही त्यानेच सांगितलं. "आजी, तुला चाळीस मिनिटं आहेत," म्हणाला.

चाळीस मिनिटं म्हटल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. सामायिक दोन घटकांचं, म्हणजे ४८ मिनिटांचं. ते मी वर्षानुवर्षं करते आहे. पायाला मुंग्या येतात, माशी नाकावर बसते, खाली भाजीवाला ओरडतो, तरी आपण उठत नाही. मग हे त्याहून आठ मिनिटं कमीच की!

पण सामायिकात माझे ओठ हलतात. पाठ पुटपुटल्याशिवाय माझं मन लागत नाही. इथे डोकं आणि जबडा स्थिर ठेवायचा, नाहीतर चित्र हलतं. आमच्या गावी चातुर्मासाला असलेल्या माताजींनी एकदा प्रवचनात जपाचे तीन प्रकार सांगितले होते. मोठ्याने म्हणायचा तो वाचनिक, ओठांत पुटपुटायचा तो उपांशु आणि मनातल्या मनात करायचा तो मानस. मानस जप सर्वांत श्रेष्ठ. तेव्हा ऐकलं आणि घरी येऊन पुन्हा मोठ्यानेच म्हणू लागले. आता गालाची कळ आणि यंत्र, दोघांनी मिळून तिसऱ्या प्रकाराशी आणून उभं केलं.

कायोत्सर्गात नऊ वेळा णमोकार म्हणायचा तो २७ श्वासांत, म्हणजे एका णमोकाराला तीन श्वास. मी त्याचा हिशेब मांडला. १०८ णमोकारांना ३२४ श्वास. घड्याळ लावून पाहिलं तर शांत पडलेली असताना माझे मिनिटाला साधारण १२ श्वास होतात. म्हणजे एक माळ २७ मिनिटांची. चाळीस मिनिटांना दीड माळ. "किती वेळ राहिला, किती वेळ राहिला" करत पडण्यापेक्षा दीड माळ करायची आहे, हे मला पेलण्यासारखं वाटलं.

मग रोज दुपारी रंगीत तालीम. दिवाणावर उताणी पडायचं, डोळ्यांवर रुमाल, नातवाचा मोबाईल उशाशी कांडप कांडत असलेला. पहिल्या दिवशी सातव्या मिनिटाला नाकाला खाज सुटली आणि हात गेलाच. दुसऱ्या दिवशी पंधरा मिनिटं झाली. बसल्यापेक्षा उताणं पडून मन जास्त भटकतं, हे तेव्हा कळलं. नातू म्हणाला, "आजी, कुंभोजचे बाहुबली आठव." बाहुबली स्वामी वर्षभर उभे होते, अंगावर वेली चढल्या. मी म्हटलं, "बाबा, मला चाळीस मिनिटंच पुरेत." पण चौथ्या दिवशी पूर्ण वेळ पडून राहिले. एकदाही हात हलला नाही.

पहिल्या तीन ओळींपुढे आता उपाय लिहिलेले होते. चौथी ओळ, काय निघेल, तिच्यापुढचा रकाना कोराच होता.

त्याच आठवड्यात ओळखीच्या एक बाई भेटायला आल्या. म्हणाल्या, "असाता कर्माचा उदय आहे, भोगायचाच असतो. तपासण्यांनी काय होतंय?" त्या वाईट मनाने बोलल्या नाहीत. पण त्या गेल्यावर मी बराच वेळ तांदूळ निवडत बसले आणि विचार करत राहिले. आपल्याकडे दानं चार सांगितली आहेत. आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान. औषध देणं जर पुण्याचं, तर ते घेणं कमीपणाचं कसं असेल? आणि कोणतं औषध घ्यायचं हे तपासल्याशिवाय कसं कळणार?

तांदूळ निवडतानाच दुसरीही गोष्ट सुचली. ऑडिटर वही तपासायला आला म्हणून कर्ज वाढत नाही. असलेलंच दिसतं. गाठ असेल तर ती आजही आहे आणि नसेल तर यंत्रात गेल्याने ती येणार नाही. मी घाबरत होते ते यंत्राला, पण यंत्र काही ठरवणार नव्हतं. ते फक्त दाखवणार होतं. रकान्यात मी एवढंच लिहिलं, "जे आहे ते डॉक्टरांसोबत बघायचं." भीती गेली असं नाही. पण त्या रात्री चार तास सलग झोप लागली.

स्कॅन मिरजेला होता. मूळ वेळ संध्याकाळी साडेसातची होती. माझा रात्रिभोजनाचा त्याग आहे. सूर्यास्तानंतर पाणीही घेत नाही. इंजेक्शन द्यावं लागलं तर आधी चार तास पोट रिकामं ठेवायला त्यांनी सांगितलं होतं. म्हणजे दुपारपासून दुसऱ्या सकाळपर्यंत उपास, गोळ्या चालू असताना. ह्यांनी फोन करून अडचण सांगितली, तर सकाळची साडेआठची वेळ लगेच मिळाली. सांगितलं की मिळतं, हे लक्षात ठेवा.

तिथे एक लांबलचक फॉर्म असतो. हृदयात पेसमेकर आहे का, मेंदूत क्लिप आहे का, कानात यंत्र, अंगात स्क्रू-प्लेट, दाताची कवळी, सगळं विचारतात. ते चुंबक स्कॅन नसतानाही कायम चालूच असतं, म्हणून दारातच सगळं काढून ठेवायचं. कानातलं, पाटल्या, जोडवी, साडीच्या पिना, केसांचे आकडे. माझी जपमाळ चांदीच्या तारेत गाठलेली, तीही बाहेर. आणि मंगळसूत्र.

मंगळसूत्राचं मला आधी माहीत होतं, तरी हात थबकला. ४१ वर्षांत झोपतानासुद्धा काढलेलं नव्हतं. जाऊबाईंनी फोनवर सांगितलं होतं, "हळदीचा दोरा बांधून जा." साधा सुती दोरा, त्यात धातू नाही, त्यामुळे तिथल्या मुलीने तो राहू दिला. ह्यांनी मंगळसूत्र हातरुमालात गुंडाळलं आणि शर्टाच्या खिशात ठेवून वर हात धरून बसले. मी आत जाताना मागे पाहिलं तर हात तसाच होता.

आत गारठा होता. मुलीने पांघरूण घातलं, कानात बोळे, त्यावर हेडफोन, मग डोक्यावर पिंजऱ्यासारखी जाळी. त्या जाळीला वर छोटा आरसा होता. त्यात माझेच पाय आणि पलीकडची काच दिसत होती. हातात रबरी फुगा दिला. "काकू, घाबरलात तर हा दाबा, मी लगेच बाहेर काढते. प्रत्येक आवाजाच्या आधी मी सांगेन किती मिनिटांचा आहे." मी तिला माझ्या कळेबद्दल आधीच सांगून ठेवलं. ती म्हणाली, "कळ आली तर शक्यतो डोकं हलवू नका, पण नाहीच सहन झालं तर फुगा आहे." मी डोळे मिटले ते आत सरकण्याआधीच.

पहिली दोन मिनिटं वाईट गेली, खोटं कशाला सांगू? छातीत धडधड, तळहाताला घाम, फुग्यावर बोटं घट्ट. मग आवाज सुरू झाला आणि तो ओळखीचा निघाला. पहिला णमोकार तीन श्वासांत झाला, दुसरा झाला. नऊ झाले की एक. पाचव्या नऊपर्यंत मी पोचले होते.

तेव्हाच कळ आली. गालापासून डोळ्यापर्यंत. ओरडायचं नाही, गालाला हात लावायचा नाही. डोळ्यातून पाणी कानाकडे ओघळलं. त्या क्षणी मला ना बाहुबली आठवले ना बारा भावना. मंत्र तुटला. फक्त "हलायचं नाही" एवढंच डोक्यात होतं. कळ नेहमीसारखी काही सेकंदांत ओसरली. मोजणी कुठवर आली होती ते गेलं, म्हणून पुन्हा एकपासून सुरू केलं. तेवढ्यात हेडफोनमध्ये त्या मुलीचा आवाज आला, "काकू, छान चाललंय, आता चार मिनिटांचा आवाज आहे." त्या एका वाक्याने किती बरं वाटलं म्हणून सांगू! दानांतलं चौथं, अभयदान, ते असंही असतं. कदाचित तिला शब्द माहीत नसेल, पण ती दिवसभर तेच करत असते.

मध्ये एकदा बाहेर काढून हाताच्या शिरेत इंजेक्शन दिलं. दंडापर्यंत गार वाटलं, इतकंच. त्यासाठी मूत्रपिंडाची रक्ततपासणी आधी करून घेतली होती. पुन्हा थोडा वेळ आत, आणि संपलं. माझी दीड माळ काही झाली नाही. तुटत-जोडत एक झाली असेल. पण ओठ न हलवता झाली.

बाहेर आल्यावर ह्यांनी पहिल्यांदा रुमाल सोडला.

रिपोर्टचं पाकीट दुसऱ्या दिवशी मिळालं. डॉक्टरांची वेळ त्यानंतर दोन दिवसांनी. मुलगा म्हणाला, उघडून बघू, मोबाईलवर अर्थ कळतो. मी नको म्हटलं. वहीत लिहिलं होतं ना, डॉक्टरांसोबत बघायचं. पाकीट कपाटात पासबुकांच्या खाली ठेवलं. ते दोन दिवस स्कॅनपेक्षा जड गेले. यावर मला काही युक्ती सापडली नाही. मोठं काम काढलं, डाळींचे डबे धुऊन उन्हात घातले, एवढंच.

गाठ नव्हती. एक रक्तवाहिनी नसेच्या मुळाशी टेकलेली दिसते, असं डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. पांढऱ्या-काळ्या चित्रात केसाएवढी रेघ. सध्या गोळ्या. त्यांनी भागलं नाही तर रक्तवाहिनी आणि नस वेगळी करण्याची शस्त्रक्रिया असते, तिचा विचार पुढे. म्हणजे दुखणं संपलेलं नाही. थंड वाऱ्यात अजून पदराने गाल झाकून घेते. भक्तामर मनातच म्हणते. ४८ श्लोकांना आता पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतो, कारण आवाज नसला की शब्दाकडे नीट पाहावं लागतं.

तुमच्यापैकी कुणाचा पहिला स्कॅन असेल तर एवढं करा. कोंडल्यासारखं होण्याची भीती वाटत असेल तर ती डॉक्टरांना आधीच मोकळेपणाने सांगा. गरज वाटली तर ते सौम्य औषध देऊ शकतात आणि त्यात कमीपणा काही नाही. पूर्वी कुठलं ऑपरेशन झालं असेल तर त्याचे कागद घेऊन जा. जरीची साडी आणि काजळ घरीच राहू द्या. दागिने आदल्या दिवशीच काढून ठेवा, म्हणजे तिथे धांदल होत नाही. सोबत अशा माणसाला न्या, जो उगाच बोलत बसणार नाही. डोळे आत जाण्याआधी मिटा. आणि आतल्या वेळेला आपलं एखादं माप द्या. माझं णमोकाराचं होतं. तुमची आरती असेल, पाढे असतील, नातवंडांची नावं असतील. ते घरी दोन-चार दिवस न बोलता म्हणून पाहा.

आणि कुणी तुम्हाला सांगितलं, "माझा उद्या एमआरआय आहे," तर कुणाचं काय निघालं होतं ते तिला ऐकवू नका. "आवाज कांडपासारखा असतो, चाळीस मिनिटांत बाहेर येशील," एवढं सांगा. तेवढं अभयदान आपल्या हातात आहे.

पुढच्या वेळी चावायला त्रास असणाऱ्यांसाठी मुगाच्या मऊ खिचडीचे दोन प्रकार लिहीन. या दोन महिन्यांत ती खिचडी करण्यात माझा हात चांगलाच बसला आहे.

जय जिनेंद्र.